वीस वजनं आणि लाल गाडी

३ फेब्रुवारी, सोमवार
गाडी आली. लाल. दोन सीट, छप्पर उघडतं. सेकंड हँड आहे, पण आधीच्या मालकाने फक्त रविवारी चालवली, असं तो स्वतःच म्हणाला. जुना टेम्पो मेहुण्याला देऊन टाकला. जाताना टेम्पोने गेटपाशी तेल सांडलं. बघवलं नाही.

बायकोने गाडीभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं की वजनं कुठे ठेवणार. आनंदाच्या क्षणी असले प्रश्न हिलाच सुचतात. धंदा वजनकाटे तपासायचा, सासऱ्यांनी सुरू केलेला; ते गेले तरी पाटीवर अजून त्यांचंच नाव. काटा तपासायला लोखंडी वजनं न्यावी लागतात. एक वजन वीस किलोंचं. आपल्याकडे अशी वीस. म्हणजे चारशे किलो. हिचं म्हणणं, एवढं या गाडीत जाणार नाही. मी म्हटलं, जाईल. ती म्हणाली, महिनाअखेरीला भंगार यार्डचा भुईकाटा तपासायचाय. अख्खा ट्रक चढतो तो. तेच आपलं सगळ्यात मोठं काम. ते गेलं तर बाबांची पाटी उतरवावी लागेल. नाही जमलं तर गाडी विकायची.

मान्य केलं. धंद्यात इमेज नावाची गोष्ट असते, हे सासऱ्यांना कधी कळलं नाही, मुलीला कुठून कळणार?

४ फेब्रुवारी, सकाळ
संकल्प: गाडीला शोभेल असं शरीर. बाथरूममधल्या काट्यावर उभा राहिलो. ९२. काटा अर्थातच बिघडलेला. मागची चकती फिरवून ७८ वर आणला. माझ्या उंचीला ७८च असायला हवं. जगाचे काटे दुरुस्त करत फिरतो आणि घरातल्याकडे लक्ष नाही!

५ फेब्रुवारी
पहिली ट्रिप. किराणा दुकानातला काटा. चार वजनं नेली. दोन डिकीत, दोन शेजारच्या सीटवर. सीटवर वजन ठेवलं की गाडीला वाटतं माणूस बसलाय, पट्टा लावेपर्यंत टीं टीं करते. वजनांना पट्टा लावला. शांत. बायको बसने आली. माझ्या आधी पोचली होती, पण ते सिग्नलमुळे.

८ फेब्रुवारी, रात्री
दहा वजनं एकदम! गाडीने हूं की चूं केलं नाही. मागची बाजू जरा बसली, त्यामुळे नाक वर झालं. विमानासारखं. अंधारात हेडलाइट रस्त्याऐवजी घरांवर पडतात. समोरच्या इमारतीतल्या पहिल्या मजल्यावरच्या बाईंनी खिडकी उघडून विचारलं की काय शोधताय. लोकांना चौकशा फार.

उतरताना पाठीत उसण भरली. या गाडीतून उतरणं ही एक कला आहे. आधी एक पाय, मग गुडघा, मग हात जमिनीला. आज पाववाल्याने ओढून काढलं. जमेल हळूहळू.

१२ फेब्रुवारी
वजनं मोजली. अठरा. पुन्हा मोजली. अठराच. दोन गायब! मेहुणा काल येऊन गेला. टेम्पो देऊ का भावोजी, म्हणत होता. फार गोड बोलत होता. जुन्या टेम्पोत दोन राहून गेली असतील आणि साहेब गप्प बसलेत. बायकोला तसं बोललो. तिने दिवसभर चहा दिला नाही. भावाचं नाव काढलं की हिचा चेहरा बघवत नाही.

गाडीचं मॅन्युअल वाचलं. दोन माणसं आणि एक छोटी बॅग, एवढंच न्यावं म्हणे. कंपनीवाले घाबरट.

१७ फेब्रुवारी
आज चौदा वजनं. गतिरोधकावर गाडी मधोमध टेकली आणि झुलत राहिली. मागून हॉर्न. चार माणसांनी उचलून पलीकडे ठेवली. त्यातला एक मेहुणा. हा नेमका कुठून उगवतो, कळत नाही. आता तंत्र सापडलंय: गतिरोधक तिरका घ्यायचा, श्वास रोखून.

बाथरूमच्या काट्यावर ८०. हवेत दमटपणा आहे. चकती थोडी फिरवली. ७८.

२६ फेब्रुवारी, रात्री ११
यार्डचं काम परवा. अठराच्या अठरा भरून बघितली. दार लागेना. लागलं तर मी आत मावेना. दोन ट्रिप केल्या तर हिला कळणार. हिला कळलं तर गाडी गेली. झोप नाही.

रात्री १
सुचलं! एवढं सोपं होतं आणि इतकी वर्षं कुणालाच, अगदी सासऱ्यांनासुद्धा, सुचलं नाही. वजन न्यायचंच कशाला? गाडी हेच वजन! ब्रोशरमध्ये छापलंय, ९६० किलो. कंपनीने छापलंय म्हणजे पक्कं. चारशेच्या जागी नऊशे साठ, दुपटीहून जास्त! एकही लोखंड उचलायचं नाही. हिला वाटत होतं गाडी कामाला अडचण आहे. गाडीच काम करणार.

२८ फेब्रुवारी
फत्ते. वजनं सगळी वर्कशॉपमध्ये ताडपत्रीखाली ठेवून गेलो. रिकामी गाडी सरळ भुईकाट्यावर चढवली. पाठीमुळे उतरलो नाही, काच खाली करून काम केलं. कारकुनाने आकडा ओरडून सांगितला: अकराशे दहा! गाडी ९६० ची आणि काटा म्हणतो अकराशे दहा! वर्षभर हे लोक चुकीचं मोजत होते. मी सीटवरूनच सांगितलं, मशीनमध्ये नऊशे साठ टाका आणि ओके दाबा. दाबलं. काटा सुधारला. कारकून बघतच राहिला. इतक्या आरामात काम करणारा माणूस त्याने पाहिला नसेल.

घरी हिने विचारलं की सगळं नेलं का. म्हटलं, नऊशे साठ किलो नेलं. खोटं बोललो नाही. गाडी राहिली. रात्री एकटाच छप्पर उघडून बसलो. फार बरं वाटलं.

८ मार्च
परवाच्या गतिरोधकाला तिरका गेलो तेव्हा खालून काहीतरी खरवडलं होतं. आज डॅशबोर्डवर तांबडा दिवा. गाडी लाल, दिवा लाल. मॅचिंग. रस्त्यावर मागे काळे ठिपके दिसतात, ते टेम्पोचे असणार.

१३ मार्च
गाडी बंद पडली. चौकात. मेकॅनिकने खाली वाकून बघितलं. मग म्हणाला की तेलाची टाकी फुटलीय, तेल गेलं, तशीच चालवल्यामुळे इंजिन जाम झालं. काय काय नेत होता हिच्यातून, असं विचारलं. सांगितलं. तो हसला नाही, तेच जास्त लागलं. इंजिन बदलायचं म्हणजे दुसरी गाडी घेणं. भंगारात द्या म्हणाला.

पूर्वीच्या मालकाने रविवारी बहुतेक फार जोरात चालवली असणार.

१९ मार्च
यार्डातून फोन. माल विकायला येणारे भांडतायत, वजन कमी भरतंय म्हणून. महिनाभर गल्लोगल्ली फिरून लोखंड गोळा करतात आणि इथे काट्यावर निम्मं जिरतं, असं ओरडतात म्हणे. मी मालकांना सांगितलं की लोकांना खऱ्या काट्याची सवय राहिली नाही. काटा माझ्या हातचा आहे, शब्द देतो. बायको शेजारी उभी राहून ऐकत होती.

२४ मार्च
गाडी यार्डात नेली. मेहुण्याच्या टेम्पोला बांधून. पुढे टेम्पोत बहीण-भाऊ, मागे मी स्टिअरिंग धरून. हिने टेम्पोत वजनं का भरली होती, ते विचारलं नाही.

यार्डच्या माणसांनी गाडी रिकामी केली. स्टेपनीखाली दोन वजनं निघाली. मी मेहुण्याकडे बघितलं नाही. सीटमागून हत्यारांची पेटी निघाली. मग गाडी ढकलत काट्यावर चढवली. आकडा आला: आठशे तीस.

मालक म्हणाले, तुम्ही तर नऊशे साठ म्हणत होता. मी म्हटलं, गाडी वापराने झिजते. टायर, रंग, शिवाय तेल गेलेलं.

बायकोने विचारलं की अठ्ठावीस तारखेला ही दोन वजनं गाडीत होती का. असतील. पेटी? होती. आणि तुम्ही? मी आतच होतो, पाठ धरली होती ना. तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. पोत्याकडे बघते तसं. मग वळून मालकांना सांगितलं की रांगेतल्या गाड्या थांबवा, काटा चुकलाय. आमची चूक आहे.

‘आमची’ म्हणाली. ‘यांची’ म्हणाली नाही. वजनं अंगावर पडली असती तर एवढं लागलं नसतं.

मालक खूप बोलले. सासऱ्यांचं नाव काढून बोलले. ती मान सरळ ठेवून ऐकत राहिली आणि म्हणाली की अठ्ठावीस तारखेपासून आलेल्या प्रत्येक गाडीचा फरक आम्ही भरून देऊ. रांगेतला एक जण म्हणाला की आम्ही रोज सांगत होतो, कुणी ऐकलं का? मग तिने आणि मेहुण्याने वीसच्या वीस वजनं काट्यावर चढवली आणि तिने मशीन पुन्हा लावलं. काम आपल्याकडेच राहिलं, एका अटीवर. मी काट्याजवळ फिरकायचं नाही.

शेवटी माझी गाडी पुन्हा काट्यावर घेतली. नऊशे साठ. मी मालकांना म्हटलं, बघा, ब्रोशर खरं होतं! मी पहिल्यापासून तेच सांगत होतो. सगळे वजनं टेम्पोत भरण्यात गुंतले होते.

२५ मार्च, सकाळ
काल परत येताना टेम्पोत मागे बसलो, वजनांशेजारी. पुढे तिसऱ्याला जागा होती, पण कुणी बोलावलं नाही आणि मीही गेलो नाही.

आज बाथरूममध्ये खडखडाट. जाऊन बघतो तर ही चार वजनं घेऊन घरचा काटा तपासत होती. ऐंशी किलो ठेवले, काट्याने चौसष्ट दाखवले. तिने चकती फिरवून बरोबर ऐंशीवर आणली, वजनं उचलली आणि बाहेर गेली.

दार लावून घेतलं. उभा राहिलो. ९४.

चकतीला हात लावला नाही.