मात्तेओचा गुडघा

मंगळ, ४ मार्च
मात्तेओ काहीतरी लपवतोय. मैदानावर वाऱ्यासारखा पळतो, पण ड्रेसिंग रूमच्या पायऱ्या कठडा धरून उतरतो. मी बघतेय कळलं की हात सोडतो. विचारलं तर, "ऑल गुड, मुग्धा!"
एकवीस वर्षांचा पोरगा. इटलीतल्या फुटबॉल क्लबने एका सीझनपुरता आमच्या टीमकडे पाठवलाय. इतका चांगला आहे, तर पाठवला कशाला? आणि टीमची फिजिओ मी, तरी डाव्या गुडघ्याला हात लावू देत नाही.

गुरु, ६ मार्च
जुरोंग ईस्टच्या मॉलमध्ये त्याच्या सह्या घ्यायला ही गर्दी! लेकीला, इराला, नेलं. तिच्या वर्गातल्या कितीतरी मुली भेटल्या, पाठीवर त्याचं नाव. एका चिमुरड्याबरोबर फोटो काढायला खाली बसायचं होतं, तर याने त्यालाच उचलून खांद्यावर घेतलं. लोक वेडे झाले. इरा इथल्या मुलांच्या इंग्रजीत म्हणे, "आई, ही इज सो नाइस लाह!"
मला वाटलं, याला खाली बसता येत नाहीये.
घरी समीरला सांगितलं. "बायको फिजिओ असली की जगाचे गुडघेच दुखतात," म्हणाला. असेल.

शुक्र, ७ मार्च
कोचला गाठलं. स्कॅन करू या म्हटलं. "झालाय, इटलीत." मग दाखवा. "डॉक्टरकडे आहे." टीमचे डॉक्टर म्हणाले, कोचकडे. दोघांतला एक खोटं बोलतोय. की दोघंही...
दुपारी मात्तेओ पाठ दुखतेय म्हणून आला. म्हटलं, आधी गुडघा, नाहीतर पाठ नाही. टेबलावर आडवा झाला. जरासा वाकवला तर ओरडलाच. मग हसला. मग हसू गेलं.
"उद्या माझ्या क्लबचा माणूस मला बघायला येतोय. खेळलो नाही तर ते मला परत घेणार नाहीत. कोणाला सांगू नकोस, प्लीज."
"आणि खेळून तो पुरता गेला तर?"
छताकडे बघत राहिला.
तरी सांगितलं. कोच आणि डॉक्टर, दोघांच्या तोंडावर: हा फिट नाही. कोच एवढंच म्हणाला, "ओके." ना आश्चर्य, ना प्रश्न. म्हणजे माहीत होतं!

रवि, ९ मार्च
काल मॅचमध्ये शेवटी शेवटी उतरवलाच. आणि त्याने गोल मारला. अख्खं स्टेडियम उभं. मीही टाळ्या वाजवल्या, मग स्वतःचाच राग आला. तो सरळ चालत आत गेला, जरासुद्धा लंगडला नाही. कोच माझ्याकडे बघून हसला.
चुकले का मी? की दुखणं दाबायचं इंजेक्शन दिलं? डॉक्टर नजरेला नजर देत नव्हते.

मंगळ, ११ मार्च
कालही सरावाला नाही, आजही नाही. कोच म्हणतो, विश्रांती. मात्तेओ फोन उचलत नाही. इराने सकाळी त्याचा नवा फोटो दाखवला. हसरा, खाली बदामच बदाम. फोटो कमरेपासून वरचा.
संध्याकाळी त्याच्या काँडोतल्या फ्लॅटवर गेले. आत टीव्ही चालू होता. बेल वाजवली.
"मात्तेओ, मी मुग्धा. एकटीच आहे."
टीव्ही बंद झाला. मग फरशीवर ठक्. थोड्या वेळाने पुन्हा ठक्. कुबडी. दारापर्यंत आला आणि थांबला. त्याचा श्वास ऐकू येत होता.
दार उघडेना. मीही हलले नाही.