अक्काच्या काचेवरचा रंग

आई, आज अक्काच्या छातीतला तुकडा तपासायला माझ्याच टेबलावर आला. तू गेलीस तेव्हा मी लॅब आतून पाहिलीसुद्धा नव्हती. शिक म्हणून तूच मागं लागायचीस. पाथर्डीच्या दवाखान्यात आपण दोघी बाकावर बसलेलो, मागून आलेली माणसं ओळखीवर पुढं जात होती, आणि तू खोकल्याच्या उबळीतून माझ्यावरच डाफरलीस, "निस्ती बघत काय बसलीस? आपलं मानूस आत असल्याबिगर काय हुत न्हाई. शिक अन् जा आत." तुझ्या एक्स-रेत डाग दिसला. टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या, संपल्या, पुन्हा सुरू झाल्या. तुकडा काढून बघू, असं कुणी म्हटलंच नाही. तू भाकरी थापता थापता पदर तोंडाला लावायचीस आणि आम्हाला वाटायचं, गोळ्या लागू पडतील.

आता मी आत आहे, नगरच्या लॅबमध्ये. अक्काच्या पेशी वाईट आहेत हे आधीच दिसलं होतं. त्या मूळच्या कुठल्या, ते ठरायचं होतं. पेशींत एक ठरावीक प्रोटीन असलं की काचेवरच्या त्या तुकड्याच्या पातळ कापाला तपकिरी रंग चढतो, मग डॉक्टर सांगतात, कॅन्सर फुप्फुसातूनच उठलाय. तुझ्या या थोरल्या लेकीनं जन्मात बिडी ओढली नाही गं. सकाळी तिसगावहून तिचा फोन आला, "तू हाईस म्हनून मला काय भ्या न्हाई. जरा चांगला काढ बाई रिपोर्ट." पुरणपोळी आहे का ती, चांगली काढायला? पण मी नुसतं "बघते" म्हणाले.

रंगाचं औषध टाकल्यावर ठरलेला वेळ थांबायचं आणि मग काच धुवायची. आज औषध टाकलं आणि वाटलं, लगेच धुवून टाकावी. रंग नाही चढला तरी पेशी काही चांगल्या होणार नव्हत्या, हे मला कळतं. तरी हात पाण्याकडं गेला. मग मागं घेतला आणि थांबले. रंग चढला, आई. तुझंही हेच असेल का, ते आता कुणालाच सांगता यायचं नाही.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, ठाऊक आहे. अक्काचा फोन मघापासून वाजतोय, आणि तो उचलावा लागू नये म्हणून मी तुला लिहीत बसलेय.