घासलेले शंख

अहो,

सप्रेम नमस्कार. देवाच्या कृपेने लेकीकडे मी सुखरूप आहे.

काल फोनवर कौतुकाने सांगितलंत, "तिचे ते दगड झालेले शंख घासून लख्ख केले!" कोणी सांगितलं होतं? प्रत्येकावर तिने शाईने टेकडीचा नंबर घातला होता. कुठल्या टेकडीत कोणता शंख सापडला, यावरूनच जुना समुद्र कुठवर होता ते कळतं. नेमकं तेच पुसलंत! दोन वर्षं उन्हातान्हात हिंडली पोर. आता प्रबंधात काय लिहील?

ती म्हणते, "आई, बाबांना बोलू नकोस, मायेने केलं त्यांनी." आणि नळ सोडून मोरीत रडते. म्हणून मीच बोलते.

उरलेलं खोकं आजच शेजारच्या वहिनींकडे ठेवा. तुमच्या हातांचा भरवसा नाही. रक्तदाबाची गोळी घेता ना?

आज फक्त लेकीची आई