शिव्या खायचं वय

आई, जय भीम.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. तुझे गुडघे कसे आहेत?

पुस्तकं वाचून वायरिंग कळतं, पण शिकाऊ म्हणून हाताखाली घेणारा भेटत नाही. काल घाटकोपरचा एक ठेकेदार म्हणाला, "ताई, आमच्यात शिव्या खाऊनच पोरं तयार होतात. चाळिशीच्या बाईला कशा घालू?"

मी म्हटलं, "घाला. नवरा गेल्यापासून दिराच्या ऐकतेच आहे, त्यातून शिकायला मात्र काही मिळालं नाही."

मेला हसला आणि शटर ओढलं.

दादाला सांग, माझ्यासाठी खोली रिकामी करू नकोस. उद्या मुलुंडला विचारते. तिथेही नाही म्हणाले तर भांडेन. रडायला मला ह्यांची आठवण आहे, असल्या लोकांसाठी रडणार नाही.

गुडघ्यांना तेल लावत जा.

तुझीच,
विनिता