आप्पांना शॉक का दिला नाही

शिरूर, मंगळवार संध्याकाळ

आई मालिका बघत होती. मॉनिटरवरची रेघ सरळ झाली, डॉक्टरनं शॉक दिला आणि पेशंट डोळे उघडून बायकोशी बोलायलाही लागला. आईनं माझ्याकडं पाहिलं. "तुझ्या आप्पास्नी का न्हाई दिला गं शॉक? तू नर्स हायस, तिथंच हुतीस की."

आप्पा गेल्यापासून हे तिच्या मनात असणार. मला कसं कळलं नाही?

मी सांगितलं, रेघ सरळ झाली की शॉकचा उपयोग नसतो. तेव्हा छाती दाबतात, जोरात दाबतात. आप्पांची बरगडी मोडली तरी डॉक्टर थांबले नव्हते. सगळं केलं हे तिला पटावं, म्हणून बरगडीचं बोलून गेले.

"म्हंजी टीव्हीवर खोटं दावत्यात?"

"व्हय, आई."

तिचा राग निवळला. मग हळूच म्हणाली, "बरगडी मोडली तवा लई दुखलं आसंल का त्यास्नी?"

त्यांना शुद्धच नव्हती, हे मी पुन्हा पुन्हा सांगितलं. मालिकेतलं खोटंच राहू द्यायला हवं होतं का? त्यात निदान आप्पांना कुठं लागत नव्हतं. आई अजून बसलीय, स्वतःच्याच बरगड्यांवरून हात फिरवत.