बावीस फेब्रुवारीचा सूर्य

५ डिसेंबर
निर्णय घेतला. येत्या बावीस फेब्रुवारीला सूर्योदयाच्या वेळी मी आणि माझी बायको इन्शिराह अबू सिंबलच्या देवळात उभे असू. वर्षातून दोनदाच सूर्य त्या डोंगरात कोरलेल्या देवळात थेट गाभाऱ्यापर्यंत शिरतो आणि रामसेस राजाच्या तोंडावर पडतो. आपोआप नाही पडत. राजानं तशी योजना केली होती म्हणून पडतो. हा गुण आपल्या देशात राजानंतर फार कमी लोकांत उतरला. मी नम्रपणे एवढंच लिहितो.

आज टीव्हीवर ते देऊळ दाखवत होते. इन्शिराह घास हातात धरूनच बघत बसली. म्हणाली, तिथून आमच्या विदादचं घर किती लांब पडेल रे? विदाद म्हणजे माझी मेहुणी, अस्वानला असते. मी म्हटलं, चल, जायचंच. ठरलं! तिला फार आनंद झाला असावा, कारण तिनं हातातला घास परत ताटात ठेवला. मग म्हणाली, साखरपुड्याच्या दिवशी पण तू हेच म्हणाला होतास, बहगत.

बायकांच्या लक्षात भलतंच राहतं.

९ डिसेंबर
दुकानात गिऱ्हाईक कमी होतं, म्हणून फुटाण्यांच्या पोत्यांच्या वरच्या भिंतीवर देशाचा नकाशा लावला. लाल दोरा रेल्वेचा, हिरवा नाईलचा, पिवळा माझा. क्रम शास्त्रीय ठेवला आहे: आधी गिझाचे पिरॅमिड, मग लक्सर, मग अस्वान, मग अबू सिंबल. जुनं आधी, नवं नंतर. लोक कुठूनही कुठेही जातात आणि मग त्यांना राजे आठवत नाहीत.

घरी समजावून सांगितलं. इन्शिराहनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, यात विदाद कितव्या राजघराण्यात येते?

विनोद ठीक आहे, पण विषय गंभीर आहे.

१४ डिसेंबर
वरच्या मजल्यावरची मदाम सौसन आली होती. ही बाई दरवर्षी बायकांच्या सहली काढते. यंदा तिची बस लक्सर, अस्वान करून नेमकी बावीसला अबू सिंबलला. मी हसलो. बसमध्ये डफ, टाळ्या, खारवलेली वांगी, प्लास्टिकच्या डब्यांतला भात, आणि मदाम सौसनच्या हातात लाउडस्पीकर! मी तिला शांतपणे सांगितलं की प्राचीन वास्तू एकांतात बघायच्या असतात. ती म्हणाली, हाजी, एकांत तुम्हाला लखलाभ, पण दोन जागा ठेवते हं, काही लागलं तर.

तिच्या चहात इन्शिराहनं जरा जास्तच पुदिना घातला असं वाटलं. माझ्या चहात एवढा कधी पडत नाही.

२१ डिसेंबर
शरीर तयार हवं. रोज पहाटे चालायचं ठरवलं. आज पहिला दिवस. मशिदीच्या मागच्या गल्लीत गाडीवाल्यानं नुकतीच हिरवी भजी काढली होती. गरम भजी खाल्ल्याशिवाय पुढे जाणं म्हणजे त्या माणसाचा अपमान. खाल्ल्यावर चालणं तब्येतीला वाईट. परत आलो.

उद्यापासून दुसऱ्या गल्लीनं.

२३ डिसेंबर
दुसऱ्या गल्लीतही गाडी आहे.

२८ डिसेंबर
पडून लिहितो आहे. पिरॅमिडच्या आतली वाट बुटकी असते, कमरेत वाकून चढावं लागतं. निम्मे पर्यटक तिथेच हरतात. म्हणून मी घरातल्या बोळात सराव केला. दिवाणखान्यापासून न्हाणीपर्यंत वाकून जायचं, वाकूनच यायचं. जाताना उत्तम गेलो. येताना कंबर धरली. ना वर, ना खाली. इन्शिराह बाजारात. तेवढ्यात मदाम सौसन वाटी परत द्यायला आली, आणि दार उघडंच होतं. मी तिचं तसंच ओणव्यानं स्वागत केलं. ती म्हणाली, अरे देवा, हाजी काय शोधताय? मी म्हटलं, चौथ्या घराण्याचा प्रवेशमार्ग. आता पूर्ण जिन्यात हसताहेत. प्रत्येक मजल्यावर वेगळं हसू. ओळखू येतं.

इन्शिराहनं कापराचं तेल चोळलं. चोळताना म्हणाली, आतमध्ये नाही गेलं तर चालणार नाही का? बाहेरून बघू की. मी म्हटलं, हीच ती वृत्ती.

४ जानेवारी
तिकिटं. मोबाईलवर काढतात म्हणे. मी माझ्या कार्डाचा नंबर फोनला सांगणार नाही. फोन कोणाचा मित्र नाही. स्वतः स्टेशनवर गेलो. रांग दाराबाहेर. माझ्या पुढच्या माणसानं आपल्या आत्याच्या मूतखड्याची सगळी हकीकत सांगितली. खिडकीपाशी पोचलो तेव्हा कर्मचाऱ्याची नमाजाची वेळ. नंतर माझ्या जेवणाची वेळ. काही घाई नाही. अनुभवी माणूस तिकीट शेवटी काढतो, तेव्हा चांगल्या जागा रिकाम्या होतात.

१२ जानेवारी
आज घरात वाद झाला. लिहून ठेवतो, म्हणजे न्याय कोणाच्या बाजूला होता ते पुढे कळेल.

विदादचा पाय मोडला आहे. घोट्याला प्लास्टर. इन्शिराहनं मला मागच्या आठवड्यातच सांगितलं होतं म्हणे. मी दुःख व्यक्त केलं आणि योजनेत बदलही केला: अस्वानला अर्धवट सोडलेला दगडी स्तंभ बघून झाला की जेवणाच्या आधी थोडा वेळ विदाद. इन्शिराह म्हणाली, वा! अर्धवट स्तंभ आणि अर्धवट बहीण.

मग म्हणाली, आपल्या नजवानच्या लग्नानंतर मी विदादला डोळ्यांनी पाहिलं नाही, बहगत. ती आता आजी झाली, ते बाळ मी फोनमध्ये बघते. तू आणि इद्रीस दोघं बैल शिंगं अडकवून बसलात, आणि मधे आम्ही.

इद्रीस माझा साडू. आमच्या मुलीच्या, नजवानच्या लग्नात, माझ्या मांडवात, माझ्या दुकानचे फुटाणे तोंडात टाकून हा माणूस सगळ्यांसमोर म्हणाला की आमच्या अस्वानच्या शेंगदाण्यांपुढे हे खडे आहेत, खडे! तीन पिढ्यांचं दुकान. मी त्याला माफ करायला केव्हाही तयार आहे. त्यानं फक्त हॉटेलवर येऊन माफी मागावी. हे मी इन्शिराहला मोठ्या मनानं सांगितलं. ती उठून भांडी घासायला गेली. भांडी आधीच घासलेली होती.

२० जानेवारी
अबू सिंबलच्या हॉटेलात फोन केला. बावीस तारखेची खोली मागितली. पलीकडचा माणूस हसायला लागला. म्हणाला, साहेब, या खोल्या उन्हाळ्यातच गेल्या, जपानच्या लोकांनी घेतल्या. मी सांगितलं, मी तांताहून, आपल्याच देशातून बोलतोय. तो म्हणाला, अलभ्य लाभ! आणि फोन ठेवला.

राजा आमचा, सूर्य आमचा, खोली जपानची.

२६ जानेवारी
स्टेशनवर पुन्हा गेलो. रात्रीच्या गाडीच्या जागा संपल्या. सुटीचे दिवस, सगळा देश खाली निघालाय, कोणाला कामधंदे नाहीत. पण मी असल्या गोष्टींनी खचत नाही. साब्री रेल्वेत आहे, आमच्या आतेभावाचा मित्र. त्याला हलव्याचा मोठा डबा नेऊन दिला. तो म्हणाला, हाजी, काम झालंच समजा, उद्या इन्शाल्ला. ओळख असली की रांगेत उभं राहावं लागत नाही.

३ फेब्रुवारी
साब्री म्हणाला, उद्या.

७ फेब्रुवारी
साब्रीला दुसरा डबा. त्याच्या बायकोला पिस्ते घातलेला आवडतो म्हणे. उद्या.

१० फेब्रुवारी
सामान भरलं. दुर्बीण, टॉर्च, टोपी, इतिहासाची तीन जाड पुस्तकं, भिंतीवरचा नकाशा गुंडाळून. माझी बॅग बंद होईना, म्हणून इन्शिराहच्या बॅगेतून एक मोठं बोचकं काढून ठेवलं. बाळाची विणलेली झबली, लोकरीची शाल, मध, लोणी, कसली कसली मुळं. देवळात या वस्तूंचा काय उपयोग? संध्याकाळी पाहिलं तर बोचकं परत बॅगेत आणि माझी पुस्तकं शेल्फवर. राहू देत. पुस्तकं माझी पाठच आहेत.

१५ फेब्रुवारी
आली! तिकिटं आली! साब्री स्वतः दुकानात घेऊन आला. मी त्याला मिठी मारली. दुकानात बसलेल्या सगळ्यांना चहा पाजला आणि म्हटलं, बघा, देशात काही होत नाही म्हणता ना?

१५ फेब्रुवारी, रात्री
चष्मा लावून तिकिटं वाचली. गाडी बावीसलाच आहे. बावीसच्या संध्याकाळी सुटते.

साब्रीला फोन केला. तो म्हणाला, हाजी, तुम्ही बावीस म्हणालात, मी बावीस आणलं.

इन्शिराहला मी पटवायचा प्रयत्न केला की सूर्य काही सरकारी नोकर नाही, एका दिवसात बदली होऊन जाणार नाही. तेवीस-चोवीसला थोडा तरी येत असेलच आत. तिनं दिवा मालवला.

१७ फेब्रुवारी
रामसेस रेल्वेनं गेला नव्हता. ही गोष्ट आधी कशी सुचली नाही!

दुकानाची गाडी आहे. जुनी असेना, इंजिन एकदम ठणठणीत. दोन्ही बाजूंना 'बहगतचे फुटाणे, तांता' असं रंगवलेलं आहे, सबंध देशात जाहिरात होईल. मागे गादी टाकली की हॉटेलची कटकट नाही. इन्शिराहला सांगितलं. तिनं पळी खाली ठेवली, हात पुसले, आणि वर मदाम सौसनकडे गेली. बऱ्याच वेळानं खाली आली. काय काम होतं विचारलं तर म्हणाली, वांग्याची कृती विचारायला गेले होते.

आत्ता, आणि वांगी! पण माझ्या योजनेला तिनं एका शब्दानं विरोध केला नाही, याची नोंद घेतो.

१९ फेब्रुवारी
सकाळी इन्शिराह दारात उभी. बॅग भरलेली, अंगावर ईदचा कोट. म्हणाली, सौसनची बस खाली उभी आहे. दोन जागा आहेत. दोन्ही मी घेतल्यात. चल.

मी म्हटलं, त्या डफवाल्या बायकांत? मी?

ती म्हणाली, चल ना रे. विदाद वाट बघतेय. इद्रीसशी नको बोलूस, गप्प बस कोपऱ्यात. पण चल.

तिचा आवाज वेगळाच होता. एक क्षण पाय उचललाही असेल मी, सांगता येत नाही. पण खालून मदाम सौसन लाउडस्पीकरवर ओरडली, हाजी, वाकायची गरज नाही, आमच्या बसचं दार उंच आहे! आणि बसभर हशा. मी म्हटलं, तुम्ही व्हा पुढे. मी गाडी घेऊन तुमच्या आधी पोचतो. बावीसला देवळाच्या दारात भेटू.

इन्शिराहनं बॅग उचलली. म्हणाली, फ्रिजमध्ये मसूर आहे. बस गेली. बायका कोपऱ्यापर्यंत टाळ्या वाजवत होत्या. मी गॅलरीत अत्यंत शांतपणे उभा होतो.

माणसानं शब्दाला जागावं. उद्या पहाटे निघतो.

२० फेब्रुवारी
पहाटे हवा भरायचं राहिलं होतं. मग पाणी. मग शेजारच्या दुकानदारांचे निरोप. दुपारी निघालो. मोकळा रस्ता, दोन्हीकडे हिरवी शेतं. एकटं असण्याचा आनंद वेगळाच. स्टिअरिंग हातात आलं की माणूस राजा.

कुवेस्नापाशी बॉनेटमधून वाफ.

२० फेब्रुवारी, संध्याकाळ
कुवेस्ना म्हणजे आमच्या गावचंच पुढचं दार म्हणा. तिथले लोक बाजाराला तांताला येतात. मेकॅनिकनं बॉनेट उघडलं, आत बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. विचारलं, कुठे निघालात? मी म्हटलं, अबू सिंबल. त्यानं आपल्या भावाला हाक मारली आणि मला पुन्हा सांगायला लावलं.

पार्ट कैरोहून येणार. उद्या, इन्शाल्ला.

इन्शिराहचा फोन आला होता. कुठवर आलास? मी म्हटलं, प्रवास चालू आहे. मागे डफ वाजत होता आणि कोणीतरी पुरुष मोठ्यानं हसत होता. तो इद्रीस असला तर त्याचं हसू अजून तसंच असभ्य आहे.

२१ फेब्रुवारी
पार्ट आला. दुसऱ्याच गाडीचा.

मेकॅनिकच्या घरच्यांनी जेवायला घातलं, नाही म्हणता आलं नाही. त्याच्या म्हाताऱ्या आईनं विचारलं, बाबा, घरी कोणी आहे का तुला? मी म्हटलं, बायको आहे, सध्या अस्वानला. ती म्हणाली, मग तू इथे काय करतोस?

दुपारी एका संत्र्यांच्या ट्रॅक्टरमागे दोर बांधून गाडी परत आणली. ट्रॅक्टर बैलाच्या चालीनं चालतो, त्यामुळे तांतातल्या प्रत्येक माणसाला 'बहगतचे फुटाणे' सावकाश वाचता आलं. पोरं मागून टाळ्या वाजवत आली. न्हावी दुकानाबाहेर येऊन म्हणाला, हाजी, इतक्यात बघून पण झालं?

मी हात हलवला. काय करणार!

२२ फेब्रुवारी
अंधारातच जाग आली. का कोण जाणे. गॅलरीत खुर्ची टाकून बसलो. समोर पाण्याच्या टाक्या, डिश अँटेना, कबुतरांची खुराडी. सूर्य डाव्या टाकीच्या मागून आला. आधी मदाम सौसनच्या रिकाम्या खिडकीवर पडला, मग माझ्या गुडघ्यांवर.

थोड्या वेळानं इन्शिराहचा व्हिडिओ कॉल. केस वाऱ्यानं उडत होते, मागे तलाव आणि गर्दी. शेजारी विदाद, प्लास्टरचा पाय एका पेटीवर, मांडीवर ते बाळ. झबलं आपलंच. विदाद जाड झाली आहे आणि म्हातारी. मला म्हणाली, भावोजी, आम्हीही अस्वानहून याच बसनं आलो, तुमची जागा रिकामी ठेवली होती, तिथे शेवटी बाळाचं सामान ठेवलं.

मी विचारलं, राजाच्या तोंडावर ऊन पडलं का? बरोबर पडलं? किती वेळ होतं?

इन्शिराह म्हणाली, आत कोण गेलंय? विदादला पायऱ्या जमेनात, म्हणून आम्ही दोघी बाहेर कट्ट्यावरच बसलो. देवळाकडे पाठ करून.

मी म्हटलं, म्हणजे बघितलं नाहीस?

ती म्हणाली, मी विदादचं तोंड बघत होते.

मग तिनं सांगितलं की ती बसनं परत येणार नाही. प्लास्टर निघेपर्यंत राहील, मग पुढचं बघू. मी विचारलं, पुढचं म्हणजे काय? तेवढ्यात इद्रीसनं फोन घेतला. त्याचेही केस पांढरे झालेत. त्यानं वर-खाली बघितलं, घसा साफ केला आणि म्हणाला, बहगतभाऊ, आजचं तिकीट आहेच तुमच्याकडे, रात्रीच्या गाडीत बसा, मी सकाळी अस्वानच्या स्टेशनवर उभा राहतो.

मी म्हटलं, कळवतो.

फोन बंद झाला. मग आत येऊन मसूर गरम करायला ठेवला. आंबला होता.