आत्या कुठवर गेली

प्रिय बारक्या,

आत्या पोचली नाही. काल दुपारी तिच्या पाठीवरचं यंत्र सुटून समुद्रावर तरंगलं, त्यात साठलेल्या नोंदी उपग्रहामार्फत आमच्या प्रयोगशाळेत आल्या, आणि मोठ्या सरांनी दोनदा चष्मा पुसून त्या वाचल्या. आधी मी वाचल्या होत्याच, पण मला दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकायचं होतं. "हो गं, गेली ती," एवढंच म्हणाले.

तिचं नाव तूच ठेवलंस. यंत्र लावून सोडण्याआधी नदीच्या मुखाशी पकडलेल्या वामी, ते सापासारखे लांब मासे, टाकीत ठेवल्या होत्या, आणि तुझा हट्ट म्हणून मी तुला आत नेलं होतं. ती एकटी कोपऱ्यात, डोळे वटारून, खाण्याकडे पाठ फिरवून बसलेली. कुणी विचारपूस केली नाही की आपली आत्या हुबेहूब अशीच रुसून बसते, असं तू म्हणालास आणि त्या दिवसापासून सरांच्या तोंडीही आत्याच. मी तुला समजावलं की ही रुसलेली नाही; अंडी घालायला दूर खोल समुद्राकडे निघालेली वाम खाणंच सोडते. तिचं आतडं आक्रसतं, डोळे मोठे होतात, आणि पुढे महिनोन्‌महिने पोहताना ती स्वतःची हाडं झिजवत अंडी पोसते. तू हसता हसता थांबलास. "म्हणजे आमच्यातलीच," म्हणालास.

तुझा आजार तेव्हा नुकताच कळला होता. हाडांच्या पोकळीत, जिथं रक्त तयार व्हायचं, तिथं तंतूंचं जाळं भरत चाललं होतं आणि रक्तानं आपलं बिऱ्हाड प्लीहेत हलवलं होतं. मग तुझा डावा पाय बधिर झाला. डॉक्टरांनी पडद्यावर मणक्याशेजारची सावली दाखवली ती अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. ही वाईट गाठ नव्हे, म्हणाले, तिथं रक्त तयार होतंय. फार क्वचित होतं असं, आणि वाढलं की ते नसा दाबतं. नको त्या जागी बसून कुणीतरी मुकाट्यानं काम करत होतं. किरणांनी ती सावली आटली, पाय परत आला. पण जागा मिळेल तिथं ती पुन्हा बसेल, आणि पुढच्या वेळी पाय परत येईलच असं नाही, हेही त्यांनी लपवलं नाही.

आजारावर खरा उपाय एकच होता, दुसऱ्याची अस्थिमज्जा तुझ्यात घालणं; माझी जुळते हे कळल्यावर आई रडली, आणि तू विचारलंस, मग माझ्यात राहणार कोण? रक्तगट बदलून ताईचा होईल, असं डॉक्टर म्हणाले. मग मलाही मांजर दिसलं की शिंका येणार, असं तू म्हणालास. सगळे हसले, तू हसला नाहीस. नंतर जिन्यात मला हळूच सांगितलंस, आत्या पोचली तर मी हो म्हणेन. मीही वेड्यासारखी पैज लावून मोकळी झाले.

तिच्या नोंदी आता माझ्यासमोर आहेत. रोज रात्री वर, उजाडताना पुन्हा खोल. पाणी दहा अंशांच्या आसपास. असं कितीतरी दिवस. मग एका नोंदीत दहा आणि लगेच पुढच्या नोंदीत छत्तीस. तेवढ्या खोलीवर समुद्र इतका उबदार नसतो. उजेड मोजणारा भाग भरदिवसाही काळोखच दाखवू लागला. आणि पोहण्याची तऱ्हा बदलली: थोड्या थोड्या वेळानं थेट पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत, मग पुन्हा खाली. श्वास घ्यायला. आत्या देवमाशाच्या पोटात होती आणि त्यानं बाहेर टाकेपर्यंत यंत्र तिथून इमानेइतबारे मोजत राहिलं होतं. छत्तीस म्हणजे जवळपास आपल्याच अंगाची ऊब, रे. ते आकडे आपल्यातल्याच कुणाच्या तरी आतून येतायत असं मला वाटत राहिलं. माझा हात कधीचा पोटावर होता, हे सरांनी दुखतंय का म्हणून विचारल्यावर कळलं.

तिच्या जातीला अंडी घालताना आजवर कुणीही पाहिलेलं नाही. ती पोचली असं मी सांगितलं असतं, तर तुला कशाचा संशय आला असता? फोन हातात घेतलाही होता. पण तुझा आवाज ऐकला असता तर मी नक्की खोटं बोलले असते, तू हो म्हणाला असतास, आणि माझ्या पेशींबरोबर ते खोटंही तुझ्या हाडांत जाऊन बसलं असतं. म्हणून फोन ठेवला आणि हे लिहायला बसले. पैज मी हरले. तरी मागणं तेच आहे, बारक्या: हो म्हण. आधी औषधांनी तुझी मज्जा रिकामी करतील, मग माझ्या पेशींची पिशवी टांगतील. त्या पेशी शिरेतून आत शिरतील आणि तिथल्या काळोखात हाडांची वाट आपली आपण शोधतील. रुजेपर्यंत दोन-तीन आठवडे तुझ्यात धड तू नाहीस, धड मी नाही. त्या पोचतीलच, असं डॉक्टर म्हणत नाहीत. सोमवारी ते तुला उत्तर विचारणार आहेत. त्याआधी तुझा फोन येईल, आणि पहिली शिवी तू त्या देवमाशाला घालशील, असा माझा अंदाज आहे.

तुझीच,
ताई